यमुनामावशीची हाक

आई पेणकरपाड्यात बांधकामांवर घमेली वाहायची. संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून बसली की उठवायला मला हात द्यावा लागे. त्या घमेल्यांवर माझं कॉलेज झालं. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि विषय मुद्दाम घेतला फिजिओथेरपी.

नव्वदच्या दशकात मीरा रोडच्या एका क्लिनिकमध्ये लागले. तिथे जवळच्या मुर्धा गावाहून यमुनामावशी आली. मासळीची पाटी उचलताना कंबरेत उसण भरलेली, तिसऱ्यांदा.

"पाटी सुटली तं बाजारातली जागा बी गेली," ती म्हणाली. "तिथं बसाया दुसऱ्या टपूनच हायत."

डॉक्टरांचं मत सरळ होतं. "शेक दे, कंबरेचा बेल्ट दे आणि धंदा बंद कर म्हणून सांग."

"पंधरा दिवस द्या, सर."

"पंधराच."

बेल्ट आपल्या पोटातच असतो. पोटाचे आतले स्नायू कंबरेला पट्ट्यासारखे वेढून असतात. ओझं उचलण्याआधी तो पट्टा हलकेच आवळायचा, पण श्वास चालू ठेवून. आज पिलाटेसच्या क्लासात याला 'कोअर एंगेज करा' म्हणतात. मी तेव्हा "पोट आत घ्या" एवढंच म्हणायचे.

मावशी टेबलावर पडल्या पडल्या पोट आत घ्यायची, गाल फुगवायची, लालबुंद व्हायची.

"दम सोडा, मावशी."

दम सुटायचा. पोटही सुटायचं.

आठ दिवस हेच. जन्मभर ती दम कोंडूनच पाटी डोक्यावर घेत आली होती. नवव्या दिवशी वैतागली.

"गो पोरी, पोट धरू का दम धरू? येक काय ते सांग. न् गप पडून ऱ्हायला मी काय कालची मासळी हाय?"

तेव्हा डोक्यात आलं, दम कोंडून हाक मारता येत नाही.

"मावशी, बाजारात मारता तशी हाक मारा. पोट हलकेच आवळून."

"हितं?"

"इथंच."

"पापलेट घे गोऽ, ताजं पापलेट!"

माझ्या बोटांखाली ओटीपोट ताणलं, आणि ताणलेलंच राहिलं. बाहेर बाकावरच्या शाकाहारी गुजराती काकू ताडकन उठल्या. डॉक्टर धावत आले.

"अगं, हे क्लिनिक आहे की मच्छी मार्केट?"

"सर, बघा ना. पोट धरलंय आणि श्वास चालू आहे."

त्यांनी पोटाला हात लावून बघितलं. "आवाज जरा कमी," म्हणाले आणि गेले.

मग उभं राहून, मग रिकामी पाटी घेऊन. पंधराव्या दिवशी डॉक्टरांसमोर मावशीने विटांनी अर्धी भरलेली पाटी उचलली, हळू आवाजात पापलेट विकत. डॉक्टरांनी बेल्टचा विषय काढला नाही. महिन्याभरात ती बाजारात आपल्या जागेवर बसली.

तेव्हापासून व्यायाम करताना मी पेशंटला बोलायला लावते. जो गप्प झाला, त्याने दम धरला. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आईलाही तसंच शिकवलं. ती हाक मारत नाही, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलते. आता उठताना तिला माझा हात लागत नाही.