रेडकाला चीक, लेकीला गुळाचं पाणी

पलूसहून एसटीत बसले, तेव्हा पदराखाली चोळी दुधाने भिजलेली होती आणि मांडीवर मूल नव्हतं. चीनची लढाई संपल्यावर ह्यांना पुण्यात लष्कराचं क्वार्टर मिळालं होतं. सव्वा महिनाही न होता मी निघाले. आई म्हणाली, "देवाची मर्जी व्हती, बाय." मी तोंड फिरवलं. तेव्हा नुसतं रडू येत होतं, राग नंतर आला.

शांते, तू तेव्हा लहान होतीस, म्हणून सांगते. माझी पोर जन्मली आणि सुईणीने माझा चीक, ते पहिलं घट्ट पिवळं दूध, तीन दिवस पिळून भिंतीकडेला सांडला. बाळाला बाधतो म्हणे! पोरीला कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी. नंतर अंगावर घेतली, तर तिच्यात ओढायचं त्राण नव्हतं. सहाव्या दिवशी गेली.

त्याच आठवड्यात म्हैस व्याली. आबा गोठ्यातून ओरडत होते, "आरं, आदी रेडकाला लावा! चीक पोटात गेल्याबिगर ते उभं ऱ्हायचं न्हाई." रेडकाचं पोट भरल्यावर उरलेल्याचा खरवस केला आणि वाटीतून मला आणून दिला. गोठ्यात एवढं कळत होतं, मग बाळंतिणीच्या खोलीत कुणाला का कळू नये?

पुण्यात बाळू लष्कराच्या दवाखान्यात झाला. सिस्टरने तासाभरात अंगावर दिला. मीच म्हटलं, "आमच्यात तीन दिवस पाजत नाहीत." ती कडाडली, "मग काय फेकून द्यायला आलंय ते?" बाळू चुटूचुटू ओढू लागला आणि मी हमसून हमसून रडले. चिकाने पहिली वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण ते तिचं होतं, तिला मिळायला हवं होतं.

हे कळवलं, तर आईने मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं: "तुमाला तरी कुटं पाजलं व्हतं? जगलाच न्हवं?" जगलो आपण दोघी. मधले दोघे गेले, त्यांचं नाव कुणी काढत नाही.

आता तुझे दिवस भरत आलेत. इथे नळ आहे, वीज आहे, हाकेला पंजाबी नि मद्रासी शेजारणी आहेत; पण पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर आई अडून बसली आहे. ठीक. मीच येते. पहिले तीन दिवस तुझ्या बाजेपासून हलणार नाही. सुईण रुसेल, आई बोलणं टाकेल. टाकू दे. परक्याच्या घरी मी तोंड उघडलं नसतं. पलूसचं घर माझं आहे, म्हणून तिथे भांडायला येते आहे.