खटॅकनंतरचा फोटो

फोटो स्टुडिओवाल्याचं खरं नाव फार तर त्याच्या बँकेला ठाऊक असेल. बाकी सगळ्यांना तो 'हलूनका'. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की हा कॅमेऱ्यामागून हुकूम सोडायचा, "हलू नका!" भलेभले श्वास कोंडून पुतळे व्हायचे. मग दाराची कडी पडावी तसा दणदणीत 'खटॅक'. सुटलो बुवा, म्हणून माणूस खांदे सैल सोडायचा, शेजारी बसलेल्या बायकोकडे बघून हसायचा, आणि नेमका तेव्हा हा दुसऱ्यांदा बटण दाबायचा. पहिला फोटो नुसता चकवा. भिंतीवर लागायचा तो दुसरा.

हे खटॅकचं घराणं त्याने उमेदीच्या वयात पत्करलं. वर्तमानपत्रातला एक फोटोग्राफर निवृत्त होत होता, त्याचा वापरलेला कॅमेरा घरी आणला. कोपऱ्यांवरचा रंग उडून आतलं पितळ दिसणारा, वजनाने वरवंटा. तेवढ्याच पैशांत नवाकोरा, हलकाफुलका घरगुती कॅमेरा आला असता. बायको म्हणाली, "दुसऱ्याचा उष्टा पेला चालत नाही तुम्हाला, आणि कॅमेरा बरा चालतो!"

"अगं, नवा कॅमेरा म्हणजे नवा जावई," हा म्हणाला. "दिसायला गुळगुळीत. कामाला लावून बघ, मग कळेल. हा मुरलेला आहे."

बायको ते ऐकून फसकन हसली. ती गेल्यावर तिचा जो फोटो भिंतीवर लागला, तो अशाच एका हसण्याचा. अर्थात खटॅकनंतरचा. लहानपणी लेक पडद्यामागे साबणाचा डबा डोळ्याला लावून हाच खेळ खेळायची. जिभेने खटॅक करायची आणि बाहुलीला रागवायची, "हललीस!"

रिळं गेली, तरी याची खोड गेली नाही. डिजिटल कॅमेरासुद्धा त्याने जुना, धंद्यातला आणि तसाच दणका देणारा हुडकला. तोही परवा बसला. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत."

लेक आता स्टुडिओत त्याच्या बरोबरीने काम करायची. ती त्याला वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात घेऊन गेली. बापाने बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा जुळा भाऊ निवडला, लेकीने नवं मॉडेल. दोघांची इतकी जुंपली की दुकानदार कंटाळून म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. संध्याकाळपर्यंत एक परत आणा म्हणजे झालं."

हल्ली हलूनकाच्या नजरेला फोकस नीट सापडत नव्हता. बिघडलेले फोटो लेक गिऱ्हाइकांना गुपचूप बोलावून परत काढून देते, हे त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं होतं: आज यातल्या एकाशी तरी हात जुळला तर ठीक, नाहीतर कॅमेरा खाली ठेवायचा तो कायमचा.

स्टुडिओत कॅमेऱ्यांच्या परीक्षेला त्याची थोरली बहीण बसली. अक्का एरवी सगळ्यांच्या नकला करणारी, पण फोटोत कर वसूल करायला आल्यासारखी दिसायची.

आधी जुना. यात फोकसचा ठिपका आपल्या हातानेच गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर नेऊन ठेवायचा. "हलू नका!" खटॅक. अक्का सैलावली, हसली. याने दुसरा टिपला. मागच्या पडद्याचा धागा न् धागा मोजून घ्यावा असा फोटो आला, आणि पडद्यापुढे एक धुरकट ढग.

"पडदा झकास आलाय रे," अक्का म्हणाली. "मी कुठाय?"

पुन्हा काढला. आता अक्काच्या कानातली कुडी लख्ख आणि चेहरा धुक्यात. लेकीने नुसता नवा कॅमेरा पुढे सरकवला. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग नवा. याने आपणहून अक्काचा डोळा शोधून चौकटीत धरला. आवाज मात्र शून्य. अक्का श्वास रोखून बसलेलीच.

"काढलास का?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"दोनदा."

"मग सांगायला काय होतं मेल्या! जीव चालला होता माझा!"

फोटोत पापणीचा केस न् केस दिसत होता आणि चेहरा वसुलीचाच.

"आवाज चालू करता येतो बाबा," लेक म्हणाली. केला.

"उंदीर शिंकला का रे?" अक्काने विचारलं. खांदे तसेच ताठ.

हलूनकाने कॅमेरा टेबलावर ठेवला. बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाला, "दोन्ही परत देऊन ये. बास झालं आता."

लेकीने नवा कॅमेरा उचलून त्याच्या हातात कोंबला. "शेवटचा एक. म्हणा."

"उगाच कशाला..."

"म्हणा ना बाबा."

त्याने नाराजीने कॅमेरा डोळ्याला लावला. "हलू नका."

अक्का गोठली. आणि पडद्याच्या कडेआडून, जिभेने टाळू फोडावी तसा आवाज आला: खटॅक!

अक्काचे खांदे सवयीने खाली आले. मग कोण वाजलं ते ध्यानात येऊन तिने मान वळवली. "अगं कार्टे, अजून तुझं ते..." तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं, तेव्हा हलूनकाचं बोट बटणावर होतं.

फोटोत वसुलीचा मागमूस नव्हता; अक्काने तो तीन-तीनदा मागून बघितला.

संध्याकाळी जुना कॅमेरा परत द्यायला तो एकटाच गेला. दुकानदाराच्या हाती देण्याआधी त्याने तो कानाशी धरला आणि बटण दाबलं. पुन्हा एकदा दाबलं.

"काय काका, जीव गुंतलाय? ठेवा की मग," दुकानदार म्हणाला.

"छे! सूर बघतोय," हलूनका म्हणाला. "पोरीचा जरा वरच्या पट्टीत लागतो. घरी जाऊन सांगायला हवं."