कोरड्या अंथरुणाची आक्का

बालवाडीच्या दारात उभी राहून आक्का येणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघायची, आणि रात्री त्याचं अंथरूण ओलं झालं की कोरडं राहिलं, हे तिला कळायचं. ती ते बोलून दाखवायची नाही. ज्याचं ओलं झालं असेल त्याच्या हातात घंटेची काठी द्यायची आणि त्या दिवशी प्रार्थनेची घंटा तो वाजवायचा. बाकीच्या पोरांना वाटायचं, घंटा वाजवणारा म्हणजे कुणीतरी मोठा. मला यातली मेख कळायला चार महिने लागले, आणि कळली तेव्हा कौतुक वाटायच्या आधी राग आला. मी त्या गावची नर्स होते. रीतसर ट्रेनिंग घेऊन आलेली. पोराच्या तोंडाकडे बघून त्याला ताप आहे की नाही एवढंही मला सांगता येत नसे, थर्मामीटर लागायचा.

शिवाय माझा मुलगा मिलिंद त्याच बालवाडीत होता. पाच वर्षांचा. जवळजवळ रोज घंटा तोच वाजवायचा. आपलं पोरगं तिथं मॉनिटर झालंय, असं मी नवऱ्याला मोठ्या तोंडानं सांगितलंही होतं. म्हणजे जी गोष्ट मी अख्ख्या गावापासून लपवत होते ती आक्काला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

लपवायला कारण होतं. गावातल्या बायांना लेकरं कशी वाढवायची ते सांगणं हे माझं काम, आणि माझ्याच घरात रोज सकाळी गोधडी ओली. ती अंगणात वाळत घालायची सोय नव्हती. उपकेंद्राच्या खोलीत, दार लावून, दोन खुर्च्यांवर ती पसरायची. दुष्काळाचं दुसरं वर्ष, टँकर दिवसाआड, त्यात गोधडी धुवायला पाणी कुठलं. खोलीला वास मारायचा म्हणून मी उदबत्त्या लावायचे. त्यात जूनमध्ये मिलिंदला अंबाजोगाईला पाठवायचं ठरलं होतं. नवरा तिथं नोकरीला, दिरांच्या घरी राहायचा. तिथल्या शाळेत पहिलीत नाव घालायचं आणि जावेच्या तीन पोरांबरोबर एका रांगेत झोपवायचं. त्या पोरांनी एकदा पाहिलं की जन्मभर चिडवलं असतं. जूनच्या आत हे थांबायला हवं होतं. त्या धास्तीपायी मी लेकराला दोनदा मारलं. कोरड्या गोधडीसाठी मारलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

बालवाडी होती बायांच्या दूध संस्थेची. बाया रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायच्या आणि लेकरं ठेवायला जागा नव्हती, म्हणून संस्थेनं दूध गोळा करायच्या शेडचा अर्धा भाग बालवाडीला दिला होता. शिकवायला एक तरुण ताई होती, ती गाणी म्हणायची. बाकी सगळं मदतनीस आक्का. उंच, वाळकी, नवरा कधीचा गेलेला, एकुलती लेक पुण्याकडे दिलेली. शिक्षण चौथी. उपकेंद्रात इंजेक्शन घ्यायला सगळं गाव यायचं, पण आमच्यासारख्यांच्या घरचा चहा घेणारी माणसं थोडी होती. आक्का आली की विचारायचीसुद्धा नाही, सरळ माझ्या माठात तांब्या बुडवायची. तेवढ्यासाठी तरी ती मला आवडायला हवी होती.

पण तिचं यश मला सहन व्हायचं नाही. लहान पोरं चड्ड्या ओल्या करायची, आया धपाटे घालायच्या, आणि मी भिंतीला तक्ता लावून मुलांना दर दोन तासांनी लघवीला बसवण्याचं महत्त्व समजावून सांगायचे. आक्का तक्त्याकडे बघायचीच नाही. तिनं पोरांच्या नाड्या बघितल्या. चड्डी घसरू नये म्हणून आया सकाळी अशी गाठ मारायच्या की मोठ्या माणसालाही सुटू नये. "गाठ सुटंस्तवर थांबंल का ते? तुमी तरी थांबताल का?" असं तिनं एकीला सगळ्यांसमोर विचारलं. चौसाळ्याच्या बाजारातून इलॅस्टिक आणवलं आणि दुपारी पोरं झोपली की एकेक चड्डी शिवत बसली. महिन्याभरात निम्मी पोरं कोरडी. मी माझा तक्ता काढून घडी घालून ठेवला.

आया तक्रार घेऊन आल्या तर ती त्यांचीच थट्टा करायची. एक बाई पोराचा कान धरून आली, रोज अंथरूण भिजवतो म्हणाली. आक्का शांतपणे म्हणाली, "गावात कुठंच वल न्हाई बाई, तुज्या घरी हाय तर ऱ्हाऊ दी की." बाई हसली आणि कान सुटला. ते वाक्य मला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी माझ्या तोंडून ऐकून कुणाला हसू आलं नसतं.

मग मी ठरवलं की हिच्यावर मात करायची. दूध संस्थेच्या बैठकीत मी अंथरूण ओलं करण्याच्या सवयीवर भाषण दिलं. पुस्तकातलं पाठ होतं. त्यातला मुख्य नियम असा, की संध्याकाळी पाचनंतर लेकराला पाणी द्यायचं नाही. बायांनी माना हलवल्या. घरी मी मिलिंदलाही तोच नियम लावला आणि चांगला कडक लावला. तो तांब्याकडे बघायचा आणि मी तांब्या फळीवर ठेवायचे.

पंधरवड्यात उपकेंद्रात लेकरांची रीघ लागली. लघवीला जळजळ, पोट साफ नाही, आणि अंथरुणं पहिल्यापेक्षा जास्त ओली. मी औषधं देत राहिले. उन्हाळ्यामुळे होतं असं म्हणत राहिले. मिलिंदचंही तेच चाललं होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

एका दुपारी डोस पाजायला बालवाडीत गेले तर शेडच्या कोपऱ्यात जर्मनचं मोठं पातेलं भरून ठेवलेलं. गाणं संपलं की प्रत्येक पोराला पेलाभर पाणी. पुढचं गाणं झालं की सगळी रांगेनं शेडमागं बसायला. पुन्हा गाणं, पुन्हा पाणी. मिलिंद दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा पीत होता. मी तिथंच आक्काला विचारलं, की मी पाणी कमी करायला सांगितलं असताना हे काय चाललंय.

आक्कानं पेला खाली ठेवला. "सांजच्याला कमी करा म्हणलात, ते बराबरच हाय," ती म्हणाली. "पर बाई, टँकर येतो सांजच्याला. आया कळशी घिऊन कामावर जात्यात, लेकरं दिवसभर हितं कोरडी. घोटभर पाणी मिळायचं ते सांजच्यालाच. तेबी बंद झालं तर लेकरानं प्यावं कवा?"

या गावात लेकरं पाणी कधी पितात, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. दिवसभर तहानलेलं पोर, साफ न होणारं पोट, दाट झालेली लघवी, मग ते झोपेत धरून ठेवणार कसं. यातलं एकेक वाक्य माझ्या पुस्तकात होतं, पण माझं पुस्तक नळ असलेल्या गावासाठी लिहिलेलं होतं. आक्कानं संस्थेच्या सेक्रेटरीशी भांडून हे पाणी मिळवलं होतं. गुरांचं दूध आटलंय, निम्मे कॅन रिकामे येतायत, मग ते धुवायला तेवढंच पाणी कावून लागतंय, असं विचारून तिनं बोअरच्या पाण्यातले दोन हंडे बालवाडीकडे वळवले होते. मीच वाटलेलं औषध टाकून ती ते पाणी शुद्ध करत होती. चूक काढावी म्हणून मी पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. चूक नव्हती.

पुढच्या आठवड्यात एक बाई उपकेंद्रात येऊन माझ्या पाया पडायला लागली. पोराचं अंथरूण चार दिवस कोरडं होतं. "तुमी सांगितल्यालं लागू पडलं बाई. दिवसा भरपूर पाणी, सांजच्याला जरा कमी, अन् मारायचं न्हाई." मी तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, आक्का सगळ्यांना सांगते, हे नर्सबाईंचं हाय म्हणून. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण ती बाई इतक्या मायेनं बघत होती, की मी तिला हातानं उठवलं आणि म्हणाले, असंच चालू ठेव.

मेमध्ये एका सकाळी जाग आली तर मिलिंद जागेवर नव्हता. गोधडीवर हात फिरवला, कोरडी. पुन्हा फिरवला. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी अनवाणीच बाहेर पळाले. तो बालवाडीच्या पायरीवर होता, झाडायला आलेल्या आक्काच्या कमरेला मिठी मारून. मला उठवलंसुद्धा नव्हतं त्यानं. ज्या गोष्टीसाठी मी रडले होते, ज्यापायी लेकराला मारलं होतं, ती झाल्यावर त्याला आधी आक्का आठवली. दुष्काळात टँकरवरच्या भांडणात बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात, तसं काहीतरी त्या क्षणी माझ्या हातात आलं होतं. आक्कानं मला लांबूनच पाहिलं. तिनं खाली वाकून त्याच्या कानात काही सांगितलं आणि त्याला माझ्याकडे ढकललं. तो पळत आला आणि म्हणाला, "आई, तुला सांगायचंय, मी कोरडा उठलो." मी पहिल्यांदाच ऐकतेय असं केलं. त्याला पोटाशी धरलं, आणि त्याच्या डोक्यावरून आक्काकडे पाहिलं. ती पाठ फिरवून झाडायला लागली होती.

महिनाभरात तरुण ताईचं लग्न ठरलं आणि जागा मोकळी झाली. संस्थेच्या बायांच्या मनात होतं, आक्कालाच ताई करावं, पोरं तिच्यावरच आहेत. चेअरमनबाईंनी माझं मत विचारलं. मी म्हणाले, बाई चांगली आहे, पण चौथी पास, मुलांचा पाया कच्चा राहील. फार शांतपणे म्हणाले. नर्सबाईचा शब्द म्हणून त्यांनी दहावी झालेली एक मुलगी नेमली. मुलांच्या पायाची मला एवढी काळजी होती असं नाही. मिलिंदनं मला उठवलं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नव्या मुलीला गाण्यागणिक पाणी हा वेळेचा खोळंबा वाटायचा. आक्का चार-सहा आठवडे राहिली, मग लेकीकडे जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली, माठातून पाणी घेतलं, चहा घेतला. मी काय बोलले होते ते तिला कळलं असणारच, एवढ्याशा गावात काय लपतं. ती त्यातलं काही बोलली नाही. मिलिंद तोवर अंबाजोगाईला गेला होता, त्याचीच चौकशी केली. नव्या जागी गेल्यावर एखादबार पुन्हा होईल, घाबरू नगा, म्हणाली. "तिथल्या पोरांसमोर त्याला कुनी बोलू नगा म्हणावं. वल वाळती बाई. लाज वाळत न्हाई." मी तिला चौसाळ्याच्या फाट्यापर्यंत सोडायला जायला हवं होतं. मी म्हणाले, उद्या माझं लसीकरण आहे. लसीकरण परवा होतं.

पुढे माझ्या बदल्या झाल्या. पालीला होते, आणखी दोन गावी होते. सगळीकडे मी आक्काच्या पद्धतीनं शिकवलं. आधी विचारायचे, तुमच्याकडे पाणी केव्हा येतं. नव्या नर्सेस म्हणायच्या, मॅडम, तुमची ही पद्धत फार चांगली आहे. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. काही वर्षांनी चौसाळ्याच्या स्टँडवर त्या गावचा एक माणूस भेटला, त्यानं सहज सांगितलं, की आक्का लेकीकडेच वारली, दोन वर्षं झाली. मी गाडीत बसून रडले. तेवढ्या रडण्यातही वाटत होतं, मिलिंदला हे कळवलं तर तो माझ्यासाठी रडला नसता इतका तिच्यासाठी रडेल. मी कळवलं नाही.

आता मिलिंदचा मुलगा पाच वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले होते, तर सून रोज सकाळी चादरी बदलताना रडवेली. मिलिंद तिला समजावत होता. म्हणाला, "अगं, माझंही व्हायचं. आईनं थांबवलं माझं. न मारता, न रागावता." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती.

या वेळी मी सांगितलं. म्हणाले, मी नाही रे. मी तर मारलं होतं तुला. तुला कोरडं केलं आक्कानं. त्यानं विचारलं, "कोण आक्का?" मी सगळं सांगितलं, पातेलं, गाणी, ती सकाळ, चेअरमनबाईंना काय म्हणाले तेसुद्धा. त्यानं नीट ऐकलं. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मग तो सुनेकडे वळून हसत म्हणाला, "बघितलंस? आई पहिल्यापासून अशीच. स्वतः केलेलं दुसऱ्याच्या नावावर घालते."

सुनेनं माझा हात हातात घेतला. मी पुन्हा एकदा नाही म्हणाले, पण हळू म्हणाले. आणि खरं लिहायचं तर, त्याचं ते वाक्य मला गोड लागलं.