पांढरा आहे ना?

प्रकाशन संस्थेच्या वार्षिक नमुन्यानुसार: पद – मुखपृष्ठकार. वय – अठ्ठावन्न. सेवा – एकतीस वर्षे, अखंड. विशेष गुण – कादंबरी पूर्ण वाचल्याशिवाय कामाला हात लावत नाही (समीक्षकांनी अनुकरण करावे). दृष्टी – उत्तम.

शेवटचा रकाना त्याने स्वतः भरला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं. "मोतीबिंदू काढता येईल. मागचा पडदा गेलाय, रंगांची ओळख काही परत यायची नाही." हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता एका कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती. बायको सोडून गेल्यावरही रोज दोन ताटं मांडणाऱ्या माणसाची गोष्ट. जुन्या मुखपृष्ठावर बंद दार होतं. "बंद दार बघून गिऱ्हाईक आत कशाला येईल?" असं मालकांचं म्हणणं. म्हणून त्याने पांढरं टेबल, दोन ताटं आणि एक रिकामी खुर्ची काढली. छापील नमुना आला तेव्हा मालकांनी तो हातभर लांब धरला.

"चित्रकार, जेवायला बोलावलंय की अंत्यदर्शनाला? सगळं निळंशार! सोमवारी नीट करून आणा, नाहीतर मी सगळंच काम बाहेर देतो."

घरी त्याने बायकोला स्क्रीनसमोर बोलावलं. "हा पांढरा आहे ना गं?"

"निळा आहे."

"थट्टा नको."

"अहो, थट्टाच करायची तर तुमच्यात याहून बरे विषय आहेत." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. "कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि मी म्हणतेय, भिंतींना रंग दिला तरी हा माणूस नाक कसं मुरडत नाही!"

रविवारभर ती शेजारी बसून सांगत राहिली. "कमी करा. अजून. बास, आता दुधासारखा झाला." अक्षरांना मात्र तिची गरज लागली नाही. छापील जाड अक्षरं काढून टाकून त्याने कादंबरीचं नाव ब्रशने लिहिलं, आणि शिरोरेघ रिकाम्या खुर्चीपर्यंत पोचायच्या आत तोडली. हात डोळ्यांना विचारत नव्हता.

सोमवारी मालकांनी नवा नमुना पुन्हा हातभर लांब धरला. "हेच! नजर शाबूत आहे म्हणायची." त्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यांनी रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा पुढे सरकवला. "याच लेखकाची अजून तीन निघतायत. मागची बाजू करडी ठेवू. यातला करडा काढून द्या, लगेच छपाईला कळवतो."

"घरी नेऊन बघतो."

"घरी कशाला? इतकी वर्षं उभ्या उभ्या काढून देत आलात की!"

पट्ट्यांवरचे रंगांचे क्रमांक मुंगीएवढे होते. मालक फोन कानाला लावून थांबले. त्याने पट्ट्या चाळल्या, दोन बाजूला केल्या, एक पुढे ठेवली.

ती जांभळी होती.