पाठ फिरवणारा बाप

अमेरिकेतल्या ज्युनियर टेनिसचे सामने आणि निकाल मी रोज चहाबरोबर फोनवर बघते. तिथे बहुतेक सामन्यांत पंच नसतो. चेंडू आत की बाहेर, हे खेळणाऱ्यानेच सांगायचं. आज तिथल्या माझ्या आवडत्या चौदा वर्षांच्या खेळाडू पोरीने समोरचीचा शेवटचा चेंडू आत पडल्याचं सांगितलं आणि हरली. तिचा बाप पाठ फिरवून निघून गेला. असा संताप आला! "मेल्या, खरं बोलली ना ती? वळून बघ तरी!"

"आई," माझी लेक म्हणाली, "बॅडमिंटनला मी असंच खरं सांगून हरले, तेव्हा तू रिक्षा करून एकटीच घरी आली होतीस."

आले होते. काय तो तोरा, जसा काही चषक माझ्याच नावाचा होता! हा बाप परवडला. गाडीत तरी थांबला असेल.

"मग तू कशी आलीस गं?" मी आज पहिल्यांदा विचारलं.

"चालत."