समज देऊन सोडले

ती सकाळ अजून मनातून हलत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत फटाके बनवणाऱ्यांच्या शेड होत्या. टीव्हीवर रोज युद्धातले बॉम्ब टाकणारे ड्रोन दिसत, आणि चोर ड्रोनमधून घरं हेरतात अशी आवई गावोगाव उठलेली. अशात एका पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, शेडांवर ड्रोन फिरायलंय. ठिणगी पडली तर आमची राखबी घावायची न्हाय!"

पोचलो तर तुरीच्या शेतात एक बाई ड्रोन उतरवत होती. भोवती गर्दी.

"औषध मारती म्हणं! हे बायामाणसाचं काम हाय व्हय?" एकजण म्हणाला.

"मग तुम्ही या की मामा, पाठीवर पंप घेऊन," बाई म्हणाली.

लोक हसले. मला मात्र ते खटकलं. निरपराध माणूससुद्धा पोलिसांपुढं आधी घाबरतो, हा माझा अनुभव. ही घाबरली नाही, म्हणून संशय वाढला. पंचनामा केला, ड्रोन तिच्याच पेटीत घालून लाखेचं सील लावलं आणि महिला शिपायासोबत तिला ठाण्यात आणलं.

"परवानगी?"

"उडवायचं सर्टिफिकेट हाय, ड्रोनचा नंबर हाय. ह्या पट्ट्यात वेगळी परवानगी लागत न्हाय, साहेब. तरीबी शेडा जवळ हायत म्हणून म्या ठाण्याला अर्ज दिलता. पोच पेटीत हाय."

"सगळे असंच म्हणतात."

"मग पेटी उघडा की."

पंचांशिवाय सील तोडता येत नाही, ही सबब मला पुरली. शेडांचं चित्रीकरण कुणासाठी केलं, हेच चार तास फिरवून फिरवून विचारलं. तिचं उत्तर बदललं नाही. दुपारी तिला घरी पाठवलं, पेटी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी पंच बोलावून पेटी उघडली. उड्डाणाच्या नोंदीत ड्रोननं शेताचा बांध ओलांडलाच नव्हता. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत पोच होती. किती वाजता उडवणार, शेडांपासून किती लांब राहणार, लाल झेंड्या कुठं लावणार, सगळं लिहिलेलं. खाली ठाण्याचा शिक्का आणि माझी सही. टपालाच्या गठ्ठ्यावर न वाचता सह्या मारायची माझी सवय होती.

पुढचं आजवर कुणाला सांगितलं नाही. ठाण्याच्या डायरीत खरं लिहिलं असतं तर वरिष्ठांना खुलासा मलाच द्यावा लागला असता. म्हणून लिहिलं, 'चौकशीअंती समज देऊन सोडले.' पेटी न्यायला ती आली, तेव्हा तिलाही तेच वाचून दाखवलं.

"समज कशाची, साहेब? माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा."

"जा आता. मिटलं."

माझ्यापुरतं मिटलं. गावात मात्र बोलणं सुरू झालं, पोलिसांनी समज दिली म्हणजे काहीतरी असणारच. अळी तूर खात होती, तरी तिला कुणी बोलावलं नाही. हंगाम सरल्यावर ज्या बचत गटानं तिला ड्रोन चालवायला दिला होता, त्याला तिनं तो परत दिला.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. नव्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगतो, आकाशातल्या वस्तूचा संशय जरूर घ्या, पण त्याआधी ठाण्याची आवक फाईल वाचा. आणि त्या शिवारातल्या कुणाच्या मनात अजून किंतु असेल, तर त्यांनी हे वाचावं: त्या बाईंनी आगाऊ कळवलं होतं, नियम पाळले होते. समज द्यायला हवी होती ती मला.