नलिनीबाईंची निवडणुकीची भिंत

"जेवढं तुमच्या हातात आहे, तेवढंच लिहा."

नलिनीबाई खांबेटे हे वाक्य म्हणत, तेव्हा त्यांच्यासमोर आमदारकीचा उमेदवार रंगाचा ब्रश घेऊन उभा असे, आणि तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवी. मी माणदेशातला माणूस. गोष्टी सांगत गावोगाव हिंडलो, थोर थोर पुढारी जवळून पाहिले. पण पुढाऱ्याला अशी मान हलवायला लावणारं माणूस मला कोलकात्यात, बागबाजारच्या एका गल्लीत भेटलं, आणि ते आपल्या भाषेचं निघालं.

माझे जावई बँकेत. त्यांची बदली झाली आणि माझी मुलगी मधुरा नलिनीबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागली. मी तिच्याकडे गेलो तो नेमका विधानसभेच्या निवडणुकीत. खांबेटे मंडळी तिथं पिढ्यान् पिढ्यांची. बाई तिथंच जन्मल्या, पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. भाऊ आणि भावजय लवकर गेली, म्हणून भाचा अजेय यांनीच वाढवला. गल्ली त्यांना नलिनीदी म्हणे.

त्या शहरात निवडणूक आली की भिंती बोलू लागतात. पक्षाची माणसं घरमालकाला विचारून भिंत पांढरी करतात आणि तिच्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह रंगवतात. नलिनीबाईंची भिंत गल्लीच्या तोंडाशी होती. गंगेच्या घाटावरून बाजारात जाणारा प्रत्येक माणूस तिच्यावरून नजर फिरवूनच पुढं जाई. त्यामुळे ती सगळ्यांनाच हवी असे.

बाई ती सगळ्यांनाच देत, पण आपल्या रीतीनं. अर्ज मागं घ्यायची मुदत संपेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, कारण तोवर खरोखर कोण उभं आहे हे ठरलेलं नसतं. मग चुना द्यायचा आणि कोळशानं रेघा ओढून सारखे भाग पाडायचे. मतदान यंत्रावर नावांचा जो क्रम, तोच भिंतीवर. उमेदवारानं स्वतः यायचं आणि एकच काम आपल्या हातानं लिहायचं. कुणी गटार लिहिलं की बाई त्यावर चुना फिरवत. "गटार नगरसेवकाचं." कुणी रेल्वे लिहिली की पुन्हा चुना. "ती दिल्लीची. तुम्ही कायदा करणार, सरकारच्या खर्चाला हो किंवा नाही म्हणणार, मंत्र्याला उभं करून प्रश्न विचारणार. त्यातलं लिहा."

ही भिंत वाचून गल्ली आपलं मत ठरवी. हा मान मी देवळाच्या भिंतीलाही मिळालेला पाहिला नव्हता.

त्या वर्षी अजेय स्वतःच उभा राहिला. वकील झालेला, गोड बोलणारा, मराठी बोलता बोलता बंगालीत घसरणारा. समोर होत्या आभा दत्त, कामगारांच्या मोर्च्यांतून वर आलेल्या. तिसरे सलील घोषाल नावाचे घड्याळ दुरुस्त करणारे अपक्ष. त्यांच्यामागं एकही कार्यकर्ता नव्हता.

समोरच्या मिठाईवाल्या हेमंतबाबूंना तर विषयच मिळाला. मला म्हणाले, "तुमच्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीनं पूर्वी आमच्या लोकांनी इथंच खंदक खणला होता. आता तुमचाच माणूस आमदार करायचा? खंदक फुकट गेला की!"

"तो अर्धाच खणला होता म्हणतात," मी म्हणालो. "उरलेल्या बाजूनं आलो."

हेमंतबाबू इतके हसले की त्यांनी मला द्रोणभर संदेश मिठाई दिली.

आणि एका सकाळी गल्लीचं हसू थांबलं. अजेयच्या माणसांनी पहाटे येऊन अख्खी भिंत रंगवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याचंच नाव, त्याचंच चिन्ह, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'घरचा मुलगा'. घर त्याचं, आत्या त्याची, म्हणून भिंतही त्याचीच, असं त्याला वाटलं असणार.

नलिनीबाई बाहेर आल्या. पाहिलं. आत जाऊन चुन्याची बादली घेऊन आल्या. उन्हं चढत होती, आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई वाकून, टाचा उंचावून, आपल्याच हातानं वाढवलेल्या मुलाचं नाव पुसत होती. मदतीला पुढं झालेल्या मला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. गल्ली दारादारांत उभी राहून बघत होती. मी असं काही आजवर पाहिलेलं नव्हतं.

अजेय धावत आला. "आत्या, हे काय केलंस! माझी सगळी मदार या गल्लीवर आहे. लोक म्हणतील, घरच्यांनाच नको आहे हा. मी पडेन!"

"पडशील कदाचित."

"तुला चालेल?"

"मला झोप येणार नाही." बाईंनी हात पदराला पुसले. "पण आभाबाई आणि घोषालबाबू कुणाच्या घरचे नाहीत का? तुझा भाग मधला आहे. तो तुझाच राहील."

"त्यात लिहू काय? घरचा मुलगा आहे हे खोटं आहे का?"

"खरं आहे. पण ते काम नाही."

तो पाय आपटत निघून गेला. दुपारी आभा दत्त आल्या आणि सरकारी प्रसूतिगृहात डॉक्टर का नाहीत, हा प्रश्न पहिल्याच अधिवेशनात विचारीन, असं लिहून गेल्या. घोषालबाबू घरून स्वतःचा बारीक ब्रश घेऊन आले. सरकारच्या जाहिरातींच्या खर्चाला नाही म्हणेन, असं त्यांनी लिहिलं. मधला भाग पांढराच राहिला. लोक येत, डावीकडचं वाचत, उजवीकडचं वाचत, आणि मधे जे लिहिलेलं नाही तेही वाचून जात. बाईंचं जेवण कमी झालं. मधुरा म्हणाली, "बाबा, त्या रोज संध्याकाळी दारात बसून त्याची वाट बघतात."

प्रचार संपायच्या दिवशी अजेय आला. एकटाच. त्यानं ब्रश बुडवला. मग त्यानं बंगालीत लिहिलं, आणि हेमंतबाबूंनी मला अर्थ सांगितला : जुनं घर पाडून बांधलं, तरी तिथल्या जुन्या भाडेकरूला तिथंच जागा मिळाली पाहिजे, असं विधेयक मी मांडीन. ते मंजूर होईल, असं वचन देता येत नाही.

नलिनीबाईंनी चष्मा लावून वाचलं. अख्खी गल्ली चुन्याच्या बादलीकडे बघत होती.

"आमच्यासारख्या घरमालकांना झोंबेल हे," त्या म्हणाल्या.

"हो, आत्या."

"शेवटची ओळ लिहायला कुणी सांगितली?"

"कुणी नाही. पक्षाची माणसं ओरडतील."

"ओरडू देत. राहू दे ते." आणि त्यांनी त्याच्या कपाळावरचा रंग पदरानं पुसला.

मतदानाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. आमच्या गावाकडे कोण कुणाला मत देणार हे चहाच्या टपरीवर आधीच ठाऊक असतं. इथं त्या काठी टेकत आत गेल्या आणि बोटाला शाई लावून बाहेर आल्या, आणि मधे पडद्याआड काय झालं ते पृथ्वीवर एकालाही कळलं नाही. राजाच्या खजिन्यालाही असा पहारा नसेल. मी नकळत हात जोडले.

निकाल लागला. आमच्या गल्लीच्या केंद्रावर अजेय पुढं होता, पण मतदारसंघ आभा दत्तांनी जिंकला. अजेय येऊन पायरीवर बसला.

"पडलो, आत्या."

"टीव्हीवर पाहिलं. जेवलास का?"

"आता तरी सांग. तुझं मत मला होतं ना?"

"माझ्या आईनं माझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही." बाईंनी त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि छत्री उचलली.

"या उन्हात कुठं निघालीस?"

"आभाबाईंकडे. आता त्या आपल्या आमदार. अभिनंदन करते, आणि भाडेकरूंचं ते विधेयक त्या मांडतील का, ते विचारते."

"माझं विधेयक? त्यांना?"

"काम चांगलं आहे ना? मग कुणीही करू दे."

आणि त्या निघाल्या. पाठीत किंचित वाकलेल्या, पाऊल सावकाश, वाटेत कुणी नमस्कार केला तर थांबून त्याचा नमस्कार घेत. हेमंतबाबूंनी झारा कढईवर तसाच धरला होता. वरच्या खिडकीत मधुरा होती. अजेय घास हातात धरून उभा राहिला होता, आणि गल्ली जिथं घाटाकडे वळते तिथं छत्री दिसेनाशी झाली, तरी तो तिकडेच बघत होता.